दुकानाच्या दाराचं मॅनेजमेंट मोबाईलवर आणायचंय? मग बोर्डावर वेबसर्व्हर टाकू नका

तुमचा प्रश्न मला समजला तसा आधी सांगतो, म्हणजे नंतर गोंधळ नको. तुम्ही स्वतः बनवलेला ॲक्सेस कंट्रोलचा बोर्ड सोलापुरात तीसेक दुकानांत आणि गोडाऊनांत लावलाय, आत एसटीएम३२एफ१०३ ही छोटी प्रोसेसर चिप, बाहेर १२५ किलोहर्ट्झचा कार्ड रीडर, दाराला ईएम लॉक, म्हणजे विजेच्या चुंबकाचं कुलूप. कार्ड ॲड करायचं किंवा काढायचं म्हटलं की तुम्ही नाहीतर तुमच्याकडचा पोरगा लॅपटॉप घेऊन दुकानात हजर. आता मालक लोक मागं लागलेत, मोबाईलवरनं झालं पाहिजे. म्हणून तुमच्या डोक्यात आहे की बोर्डाला डब्ल्यू५५०० चं इथरनेट मॉड्यूल लावायचं, त्याच्यावर छोटंसं वेबपेज चढवायचं, राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करायचा, म्हणजे बाहेरच्या नेटवरनं बोर्डापर्यंत यायची वाट उघडायची, आणि मालकाला लिंक द्यायची. चालेल का?

टेबलावर चालेल. दुकानात बहुतेक ठिकाणी चालणारच नाही, आणि जिथं चालेल तिथं ते चालू नये असं मला वाटतं. का ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत बसतो, रॅपियर लूमची कार्डं रिपेअर करता करता दारांच्या धंद्यात आलो. सुरुवातीला मी प्रत्येक मालकाला विचारायचो, मोबाईलवरनं नेमकं काय करायचंय? प्रत्येकाचं एकच उत्तर, दार उघडायचं. मग तसं बटन करून दिलं. वर्षभरानं बघितलं तर ते बटन कुणी फारसं दाबलंच नव्हतं. लोक वापरत होते ते दोनच गोष्टी, एक म्हणजे काम सोडून गेलेल्या माणसाचं कार्ड बंद करणं आणि दुसरं म्हणजे काल रात्री शेवटचं कोण बाहेर पडलं ते बघणं. दिवाळीचा बोनस हातात पडला की पाडव्यानंतर दोन पोरं येत नाहीत, हे प्रत्येक कापड दुकानदाराला माहितीय, आणि त्यांची कार्डं त्यांच्याच खिशात असतात. खरी मागणी ही आहे. मालकाला दार उघडायचं नसतंय, कार्ड बंद करायचं असतंय. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं डिझाईन सोपं होतं, कारण कार्ड बंद करणं दोन मिनिटं उशिरा झालं तरी चालतंय, पण दार चुकीच्या वेळी उघडलेलं चालत नाही.

आता पोर्ट फॉरवर्डिंगचं. दुकानातल्या राउटरच्या स्टेटस पेजवर जा आणि वॅनचा आयपी, म्हणजे नेट कंपनीनं दिलेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या रेंजमधला असला तर तुमचा राउटर स्वतःच दुसऱ्या मोठ्या राउटरच्या पोटात आहे, त्याला सीजीनॅट म्हणतात, आयपीव्ही४ चे पत्ते कमी पडले म्हणून एकाच पब्लिक पत्त्याच्या मागं कंपन्या शेकडो गिऱ्हाईकं बसवतात. तिथं तुम्ही कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, बाहेरनं कुणी आत येऊच शकत नाही. सिमवरच्या नेटचंही जवळपास सगळीकडं हेच. मग स्टॅटिक आयपी घ्या, त्याचे वेगळे पैसे, आणि मालक पहिल्याच महिन्यात विचारणार हे कशाचं बिल.

आणि जिथं आयपी मिळाला तिथं दुसरी भानगड. २०१६ ला मिराय नावाचा प्रकार झाला होता, कॅमेरे आणि डीव्हीआर नेटवर उघडे पडलेले, पासवर्ड कारखान्यातला तसाच, त्या प्रोग्रॅमनं साठेक युजरनेम पासवर्डच्या जोड्या ट्राय करून लाखो डिव्हाईस ताब्यात घेतले. उघडा पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम आजही दिवसरात्र चालू असतात, तुमचं दुकान नवी पेठेत आहे की न्यूयॉर्कला त्यांना देणंघेणं नाही. तुमच्या एफ१०३सी८ मध्ये ६४ केबी फ्लॅश आणि २० केबी रॅम. डब्ल्यू५५०० टीसीपी आयपीचं काम स्वतः करतो हे खरं, पण टीएलएस, म्हणजे बोलणं कुलूपबंद करून पाठवणारं एन्क्रिप्शन, त्याच्यात नाही, ते तुमच्या चिपला करावं लागणार आणि २० केबीत दाराचं काम सांभाळून ते नीट बसवणं म्हणजे डोक्याला ताप. म्हणजे शेवटी पासवर्ड उघडाच जाणार. शिवाय तीस दुकानं म्हणजे तीस वेबपेज, तीस पासवर्ड, आणि एखाद्या मालकाच्या तीन शाखा असल्या तर एका माणसाचं कार्ड तीन ठिकाणी जाऊन काढा. त्यापेक्षा लॅपटॉप बरा होता की.

तर उलटं करा. बाहेरच्यानं डिव्हाईसपर्यंत यायचं नाही, डिव्हाईसनंच बाहेर फोन लावायचा. तुमचा एक सर्व्हर असेल, प्रत्येक दाराचा डिव्हाईस चालू झाला की स्वतःहून त्या सर्व्हरला टीएलएसनं कनेक्ट होईल आणि लाईन धरून बसेल. आतनं बाहेर जाणारं कनेक्शन कुठलाही साधा राउटर अडवत नाही, सीजीनॅट असो नाहीतर सिम असो, काही फरक पडत नाही. दुकानात एकही पोर्ट उघडा नाही. मालक मोबाईलवर सर्व्हरचं वेबपेज उघडतो, डिव्हाईसचं कधीच नाही.

यासाठी मी एमक्यूटीटी वापरतो, म्हणजे डिव्हाईस आणि सर्व्हरनं एकमेकांना छोटे निरोप पाठवायची ठरलेली पद्धत. १९९९ चा प्रोटोकॉल आहे, अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर या दोघांनी तेलाच्या पाईपलाईनवर सॅटेलाईटमधनं नजर ठेवायला बनवला होता, म्हणजे नेट महाग, हळू आणि तुटक असतंय हे धरूनच केलेला, आपल्या पेठांतल्या नेटला अगदी फिट. टीएलएससकट पोर्ट ८८८३. डेटा किती जातो हे लोक फार विचारतात, हिशेब करून बघा, मिनिटाला एक पिंग (मी अजून लाईनवर आहे असा निरोप), तो स्वतः दोन बाईटचा, पण टीसीपी आणि टीएलएसचा बोजा धरून जाऊन येऊन दोनतीनशे बाईट, दिवसाचे १४४० मिनिट, म्हणजे महिन्याला १० ते १५ एमबीच्या आत. सिमवर सुद्धा काही वाटणार नाही. आणि तुम्हाला एमक्यूटीटी शिकायचाच नसेल तर डिव्हाईसनं दर मिनिटाला सर्व्हरला एचटीटीपीएसनं विचारलं, काही नवीन आहे का, तरी चालतंय. कार्ड बंद करायला एक मिनिट उशीर कुणाला खटकत नाही. रिमोट ओपन पाहिजेच असेल तर मात्र मिनिटभर दारात उभं राहून माणूस शिव्या घालतो, मग एमक्यूटीटी.

हार्डवेअरचं काय करायचं हे तुमच्या परिस्थितीवर आहे. बोर्ड नव्यानं काढायची तयारी असेल तर ईएसपी३२, म्हणजे वायफाय आतच असलेली चिप, घेऊन सगळं एकावरच करता येईल, ५२० केबी रॅम आहे, टीएलएस त्याच्या टूलकिटमध्येच येतं, एका कनेक्शनला साधारण ४० केबी धरा. पण तुमची तीस दुकानं आधीच चालू आहेत, म्हणून मी तुमच्या जागी असतो तर जुना बोर्ड हलवला नसता. त्याच्या सिरीयल पोर्टला ईएसपी३२ जोडायचा, दोन्ही ३.३ व्होल्टचे, आणि कामाची वाटणी अशी की रीडर, रिले (लॉकची वीज चालूबंद करणारा स्विच), कार्डांची यादी सगळं जुन्या बोर्डाकडं, ईएसपी३२ फक्त निरोप्या. रिलेची एकही वायर ईएसपी३२ ला जाता कामा नये. तो हँग झाला, त्याचं अपडेट फसलं, नेट गेलं, काहीही झालं तरी दार आपलं काम करत राहतं. हे मी चांगुलपणा म्हणून सांगत नाही, सकाळी साडेनऊला दुकान उघडायच्या वेळी दार अडलं की फोन कुणाला येतो ते तुम्हाला माहितीय.

एकाच जागी चारपाच दारं असतील तर प्रत्येकाला नेट देऊ नका, आरएस-४८५ या वायरवरच्या जोडणीनं जोडा, ट्विस्टेड पेअर, दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर, १२०० मीटरपर्यंत जातंय, आणि एकालाच ईएसपी३२. वायफायवर चालवायचं तर लक्षात ठेवा की आपला बोर्ड असतोय पत्र्याच्या पेटीत, शटरच्या बाजूला, तिथं मॉड्यूलवरच्या अँटेनाला काही दिसत नाही, बाहेर अँटेना काढता येईल असाच मॉड्यूल घ्या नाहीतर सरळ केबल ओढा. आणि वायफायचा पासवर्ड मालक तुम्हाला न विचारता बदलणार, नवीन राउटर आला की नाव पण बदलणार, त्यामुळं दुकानातल्या माणसालाच मोबाईलवरनं तो परत भरता येईल अशी सोय पहिल्या दिवशीच करा. सिम लावणार असाल तर सिम८०० घेऊ नका, तो फक्त २जीवर चालतो, ४जी कॅट-१ चं मॉड्यूल घ्या.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मी स्वतः मार खाऊन शिकलोय. माझ्या पहिल्या काही सिस्टीमपैकी एक चाटी गल्लीतल्या कापड दुकानाच्या मागच्या गोडाऊनला होती. मालक सहकुटुंब तिरुपतीला. संध्याकाळी दिवाणजी गोडाऊनपाशी आले, कार्ड घरी विसरलेलं, त्यांनी मालकाला फोन लावला. मालकांनी मोबाईलवर ओपन दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. लिफ्ट येत नाही म्हणून माणूस बटन दाबत राहतो ना, तसं नऊ वेळा दाबलं. त्या दिवशी गल्लीत गटारीचं खोदकाम चालू होतं आणि फायबर तुटलेली, दुकानात नेटच नव्हतं. दिवाणजी घरी जाऊन कार्ड घेऊन आले, काम झालं, सगळे विसरले.

रात्री १ वाजून ४० मिनिटांनी नेट आलं.

मी क्यूओएस १ ठेवला होता आणि सेशन पर्सिस्टंट, म्हणजे डिव्हाईस नसताना आलेले निरोप सर्व्हर जपून ठेवतो आणि डिव्हाईस आला की देतो. मला त्या वेळी हे फार भारी फीचर वाटलेलं. सर्व्हरनं नऊच्या नऊ निरोप इमानदारीत पोचवले. लॉगमध्ये ओळीनं दिसत होतं, रिमोट ओपन १:४०:१२, १:४०:१८, १:४०:२४, असं खाली नऊ वेळा. बाहेरच्या शटरला कुलूप होतं म्हणून काही गेलं नाही. पण सकाळी मालकाचा फोन आला, तिरुमलाच्या रांगेतनं, "रात्री पावणेदोनला माझ्या नावानं दार कोण उघडतंय बे?" आता काय सांगणार. चूक पूर्ण माझी.

तेव्हापासनं माझा नियम असा आहे की सर्व्हर आणि डिव्हाईसमध्ये दोन प्रकारचं बोलणं असतंय आणि ते कधी मिसळायचं नाही. एक म्हणजे परिस्थिती, कुठली कार्डं चालतात, दुकानाची वेळ काय, हे कितीही उशिरा पोचलं तरी खरंच असतं, उलट पोचलंच पाहिजे. दुसरं म्हणजे हुकूम, आत्ता उघड, हा दहा सेकंदांत पोचला नाही तर मेला पाहिजे. हुकमावर वेळ आणि नंबर टाका, डिव्हाईसनं घड्याळ बघून जुना असेल तर फेकून द्यावा, तोच नंबर परत आला तरी फेकावा. एमक्यूटीटी ५ मध्ये मेसेज एक्सपायरीची सोय प्रोटोकॉलमध्येच आहे, ती पण लावा, पण तिच्या एकटीच्या भरवशावर राहू नका. रिटेन फ्लॅग, म्हणजे शेवटचा निरोप सर्व्हरवर ठेवून कनेक्ट होणाऱ्याला लगेच द्यायची खूण, हुकमाला चुकूनसुद्धा नको, तो लावला तर प्रत्येक वेळी लाईट जाऊन आली, डिव्हाईस परत कनेक्ट झाला की दार उघडणार. आणि मोबाईलच्या स्क्रीनवर डिव्हाईस ऑफलाईन असेल तर ओपनचं बटन दिसूच देऊ नका, नेट नाही असं सरळ लिहा. माझ्या त्या मालकाला एवढं दिसलं असतं तर त्यांनी एकदाही दाबलं नसतं.

परिस्थिती पाठवायची पद्धत सोपी ठेवा. "हे कार्ड काढ, ते टाक" असे तुकडे पाठवू नका, एक तुकडा हरवला की पुढचं सगळं चुकतंय. पूर्ण यादी पाठवा, तिला एक नंबर द्या. सर्व्हर म्हणतो यादी ४७, डिव्हाईस म्हणतो माझ्याकडं ४५ आहे, मग अख्खी ४७ घेतो. मोठी वाटते पण नाही, ५०० कार्डं गुणिले १६ बाईट म्हणजे ८ केबी, एका फोटोपेक्षा लहान. फ्लॅशमध्ये दोन जागा ठेवा, नवीन यादी रिकाम्या जागेत लिहायची, सीआरसी (यादी बरोबर उतरली का ते तपासायचा आकडा) जुळला की मगच तिच्याकडं वळायचं, मध्येच लाईट गेली तर जुनी यादी शाबूत. लॉगसाठी चिपमधली फ्लॅश वापरू नका, तुमच्या चिपच्या फ्लॅशची हमी १०,००० वेळा खोडण्याची, रोजच्या लिहिण्याला पुरणार नाही. बाहेर डब्ल्यू२५क्यू३२ ही फ्लॅश चिप लावा, ४ एमबी, एक नोंद १६ बाईटची धरली तर २,६२,१४४ नोंदी बसतात, दिवसाला ३०० स्वाईपनं दोन वर्षांच्या वर. प्रत्येक नोंदीला चढता नंबर, सर्व्हर सांगतो मला अमुक नंबरपर्यंत मिळालं, डिव्हाईस तिथनं पुढचं पाठवतो. आठ दिवस नेट नसलं तरी एक नोंद हरवत नाही.

इथं एक गोष्ट मालकाला तोंडावर सांगायची आणि बिलाच्या मागं लिहूनही द्यायची. नेट बंद असताना तुम्ही कार्ड बंद केलं तर ते नेट येईपर्यंत चालूच राहणार. काही जणांना हे चालत नाही, सराफाच्या तिजोरीच्या खोलीला तर अजिबात नाही. तिथं मी उलट करतो, सर्व्हरशी २४ तास बोलणं झालं नाही तर मालकाचं आणि एका विश्वासू माणसाचं कार्ड सोडून बाकी सगळी आपोआप बंद. पण हेच किराणाच्या गोडाऊनला केलं तर दोन दिवस नेट गेलं की हमाल बाहेर आणि ट्रक रस्त्यात. दार कशाचं आहे ते बघून ठरवा, यात सगळ्यांना एक माप लागत नाही.

घड्याळ. यात बरेच जण फसतात. डीएस३२३१ ही घड्याळाची चिप (आरटीसी) लावा, ० ते ४० डिग्रीत ±२ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत दोनचा फरक, वर्षाला साधारण मिनिटभर इकडंतिकडं. साध्या क्रिस्टलवर ठेवलं तर आपल्या मे महिन्यात, पत्र्याच्या पेटीत, ते घड्याळ कुठं भरकटेल सांगता येत नाही. आणि टीएलएसचं सर्टिफिकेट, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, तपासायला तारीख लागते. आरटीसीचा सेल गेला, डिव्हाईसला वाटलं आपण २००० सालात आहोत, तर सर्टिफिकेट अजून चालूच झालं नाही म्हणून तो सर्व्हरला नकार देतो आणि तुम्ही इकडं बघत बसता की नेट तर आहे. म्हणून आधी एनटीपी (नेटवरनं वेळ जुळवणं), मग टीएलएस. लॉगमध्ये वेळ यूटीसीत ठेवा, साडेपाच तास स्क्रीनवर दाखवतानाच मिळवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला जे निर्देश काढलेत त्यात लॉग १८० दिवस ठेवायचं आणि घड्याळ एनटीपीनं जुळवायचं दोन्ही आहे, सर्व्हर चालवणार तर ते एकदा वाचून घ्या.

सर्टिफिकेटवरनं आठवलं. ३० सप्टेंबर २०२१ ला डीएसटी रूट सीए एक्स३ या जुन्या रूट सर्टिफिकेटची, म्हणजे बाकी सर्टिफिकेटं ज्याच्या भरवशावर खरी मानतात त्याची, मुदत संपली, आणि जगभर जुन्या डिव्हाईसमध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची फुकट सर्टिफिकेटं लावलेल्या साईट उघडेनाशा झाल्या. मी माझ्या बोर्डात तेवढं एकच रूट टाकून ठेवलं होतं, तारीख बघितलीच नव्हती. दारं चालू होती, कारण यादी आत होती, पण सर्व्हरवर सगळे लाल. मग काय, स्कूटर, लॅपटॉप आणि अख्खं शहर, सात रस्ता ते चिंचोळी. आता डिव्हाईससाठी मी स्वतःचं रूट बनवतो, लांब मुदतीचं, आणि फर्मवेअरमध्ये दोन ठेवतो, एक चालू, एक राखीव, राखीवची किल्ली कुठल्याच कॉम्प्युटरवर नाही.

प्रत्येक डिव्हाईसला वेगळी किल्ली द्या, हे तर सांगायलाच नको पण सांगतो, कारण तीस बोर्डात एकच पासवर्ड टाकायचा मोह फार होतो. एक बोर्ड भंगारात गेला, कुणीतरी त्यातनं पासवर्ड काढला, की तो तीसही दुकानांचा झाला. बोर्ड बनवतानाच सिरीयल नंबर आणि किल्ली घालायची, झाकणाच्या आत क्यूआर चिकटवायचा, आणि ब्रोकरवर, म्हणजे निरोप वाटणाऱ्या सर्व्हरवर, असं बांधायचं की हा डिव्हाईस फक्त स्वतःच्याच नावानं बोलू आणि ऐकू शकतो. ईएसपी३२ चं सिक्युअर बूट आणि फ्लॅश एन्क्रिप्शन चालू करा, पण आधी दोनचार फालतू बोर्डांवर हात बसवा, त्यातले ईफ्यूज (एकदाच लिहिता येणारे बिट) एकदा जळाले की परत येत नाहीत, माझ्या ड्रॉवरमध्ये असे तीन आहेत.

वेबसाईटच्या बाजूचं काम कुठलाही चांगला पोरगा करून देईल, त्यावर मी फार बोलत नाही. फक्त एक स्वतः तपासा. लॉगिन करा, ब्राउझरच्या पत्त्यात जिथं डिव्हाईसचा नंबर दिसतो तिथं एक आकडा बदला आणि एंटर मारा. दुसऱ्या मालकाचं दार दिसलं तर त्या पोराला परत बोलवा. सगळं तपासणं सर्व्हरवर झालं पाहिजे, बटन लपवलं म्हणजे झालं नाही.

आणि तुमच्या स्वतःच्या लॉगिनला दार उघडायचा अधिकार ठेवू नका. मी माझा काढून टाकला. मला बॅटरी दिसते, नेट दिसतं, व्हर्जन दिसतं, पण दार उघडता येत नाही. चोरी झाली की पोलीस विचारणार, या दाराची चावी कुणाकुणाकडं? त्या यादीत तीस दुकानांसाठी तुमचं नाव असावं असं वाटतंय का? बोटाचे ठसे घेणारे रीडर असतील तर ठशाचा डेटा डिव्हाईसमध्येच राहू द्या, सर्व्हरवर आणू नका, २०२३ चा डेटा प्रोटेक्शनचा कायदा आहे आणि तसंही नको ती जबाबदारी कशाला.

आतापर्यंतचं एका दमात, दार स्वतः ठरवणार, डिव्हाईस स्वतः फोन लावणार, यादी उशिरा चालेल, हुकूम उशिरा चालणार नाही. एवढं जमलं की राहिलेलं किरकोळ आहे, पण किरकोळच जास्त छळतंय.

उदाहरणार्थ कार्डाचा नंबर. तुमच्या कार्डांवर दोन आकडे छापलेले असतात, ०००८४२१३७७ आणि पुढं १२८,३२७६९ असं काहीतरी. हे दोन वेगळे नंबर नाहीत, १२८ गुणिले ६५,५३६ अधिक ३२,७६९ करून बघा, तोच आकडा येतो. रीडर बोर्डाला नंबर पाठवतो त्या २६ बिट विगंड पद्धतीत ८ बिट फॅसिलिटी कोड, १६ बिट कार्ड नंबर, २ पॅरिटी, त्यातनं ही भानगड. मालक वेबवर कधी हा टाकणार कधी तो, कधी फक्त ३२७६९, आणि मग फोन, कार्ड चालत नाही. म्हणून नंबर टाईप करायला लावूच नका. नवीन कार्ड रीडरला दाखवायचं, अनोळखी कार्ड म्हणून ते लगेच मोबाईलवर दिसतं, मालकानं तिथंच नाव लिहून ॲड करायचं. माझे निम्मे फोन यानं बंद झाले. आणि हो, १२५ किलोहर्ट्झच्या कार्डाची डुप्लिकेट स्वस्तातल्या कॉपियरवर मिनिटात निघते, विगंडच्या वायरवरही काही एन्क्रिप्शन नाही, हे वेबनं सुधारत नाही. ज्याला खरी काळजी आहे त्याला डेसफायर हे एन्क्रिप्शन असलेलं कार्ड आणि ओएसडीपीचा, म्हणजे वायरवरचं बोलणंही एन्क्रिप्ट करता येणारा, रीडर सुचवा, बाकीच्यांना निदान सांगून ठेवा.

अपडेट. फर्मवेअरवर सही पाहिजे, ईएसपी३२ ला दोन पार्टिशन, नवीन चढून पाच मिनिटांत सर्व्हरशी बोलला नाही तर आपोआप जुन्यावर. एसटीएम३२ च्या ६४ केबीत दोन प्रती बसणं अवघड, त्यामुळं नवीन प्रत बाहेरच्या डब्ल्यू२५क्यू३२ मध्ये उतरवून, सही तपासून, मग बूटलोडरनं (चिप चालू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) चढवायची. आधी टेबलावर, मग एका ओळखीच्या दुकानात आठवडाभर, मग बाकी. आणि लोक म्हणतात अपडेट रात्री करा, गर्दी नसते. मी दुपारी तीनला करतो. दुकान उघडं असतं, आत माणूस असतो, काही अडलं तर तो दार ढकलून सांगतो तरी. रात्री दोनला फसलेलं अपडेट सकाळपर्यंत कुणाला कळत नाही. सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या जत्रेत आणि दिवाळीच्या पंधरवड्यात कुठल्याच दाराला हात लावत नाही.

बॅटरी हा रिमोटचा खरा फायदा आहे, आणि तो मालकापेक्षा तुमचा. ६०० पौंडाचं ईएम लॉक, म्हणजे २७०-२८० किलोचं, १२ व्होल्टवर अर्धा अँपिअर घेतं, ७ एएचची बॅटरी कागदावर १४ तास चालते, दोन उन्हाळे काढलेली मात्र त्याच्या निम्मंही नाही. दोन रेझिस्टर लावून बॅटरीचा व्होल्टेज वाचा आणि लाईट गेल्यावर तो किती वेगानं उतरतो ते सर्व्हरला पाठवा. चार्जरवर असताना सगळ्याच बॅटऱ्या १३.६ दाखवतात, त्यावर जाऊ नका, खरं रूप लाईट गेल्यावर दिसतं. कुणाची बॅटरी म्हातारी झालीय हे मालकाच्या आधी तुम्हाला कळतं. दुसरं, लॉक सुटताना कॉईलचा झटका मागं येतो आणि ईएसपी३२ रिसेट होतो, मग दर स्वाईपला डिव्हाईस ऑफलाईन दिसतो आणि माणूस सर्व्हरमध्ये बग शोधत बसतो. लॉकला आडवा १एन४००७ डायोड टाका. मी यात चार दिवस घालवलेत.

आतनं बाहेर पडायचं बटन मात्र सॉफ्टवेअरमधनं नेऊ नका. ते लॉकच्या सप्लायलाच सरळ तोडणारं पाहिजे, बोर्ड मेलेला असला तरी आतला माणूस बाहेर पडला पाहिजे. कापडाचं गोडाऊन आहे, आग लागली तर वेळ मिळत नाही.

पैशाचं विचारलं नाहीत पण येणारच ते, वर्षाची फी घ्या, एकदाच घेऊन मोकळे होऊ नका, सर्व्हर दर महिन्याला पैसे खातो. आणि फी थकली तर वेब बंद करा, दार नाही.

सुरुवात एकाच दुकानापासनं करा, शक्यतो अशा मालकाकडं जो तुम्हाला शिव्या घातल्यावर चहाही पाजतो. महिना चालू द्या, आणि त्यातले दोन दिवस मुद्दाम नेटची वायर काढून ठेवा, कुणाला न सांगता. त्या दोन दिवसांत दुकानात कुणालाच काही कळलं नाही तर पुढच्या दुकानाला हात घाला. तोवर तुमच्या बोर्डावर सिरीयल पोर्ट मोकळा आहे का आणि बिल्ड केल्यावर तुमचा प्रोग्रॅम किती फ्लॅश खातो तेवढं सांगा, तो ४० केबीच्या वर गेला असेल तर बूटलोडरचं आपल्याला वेगळं बघावं लागेल.